वाठोरेदादांचं अंथरूण

माणूस कोणत्या कुशीवर झोपतो हा प्रश्न सरकारी कामात येतो, हे मला नार्नूरच्या मुक्कामापर्यंत माहीत नव्हतं. जमीन-मोजणी खात्यात लागून मला सहा वर्षं झाली होती, पण ती सगळी निर्मलच्या कचेरीत, पंख्याखाली, नकाशांवर शाई फिरवण्यात गेलेली. आंध्रात तालुके मोडून मंडलं झाली त्या धामधुमीत माझी उचलबांगडी फिरत्या पथकात झाली. निघताना बायकोनं लग्नातली कापसाची गादी गुंडाळून दिली. आमच्याकडे डिसेंबरची थंडी कशी पडते हे तिला ठाऊक होतं, आणि मी किती सोशिक आहे हेही ठाऊक होतं.

पथकाचा मुक्काम एका शाळेच्या ओसरीवर होता. मी गादी खांद्यावर घेऊन पोचलो तेव्हा पन्नाशीचा एक सडपातळ माणूस इस्तरीच्या पांढऱ्या शर्टात बसून पेन्सिलीला टोक करत होता. हे पथकाचे प्रमुख, मारोती वाठोरे. सगळे त्यांना वाठोरेदादा म्हणत. त्यांनी आधी गादीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“या पवार. झोपता कसे? उताणे का कुशीवर?”

मी गोंधळून म्हणालो, “कुशीवर.”

“मंग ही काऊन आणली?”

उत्तराची वाट न पाहता त्यांनी गादी ओसरीवर अंथरली आणि मला तिच्यावर आडवं व्हायला सांगितलं. दुपारचे बारा वाजलेले. पाण्याला जाणाऱ्या बाया थांबून पाहत होत्या. दादांनी माझ्या कमरेखाली, गादीच्या तळाला हात सरकवला आणि डॉक्टरच्या गंभीरपणानं म्हणाले, “टेकलं. हाड भुईले टेकलं. सात किलो वजन वायता अन झोपता भुईवरच. मंग भुईच काय वाईट होती?”

ही त्यांची मुठीची परीक्षा. अंथरुणावर कुशीला झोपायचं, दुसऱ्यानं खालून मूठ घालून पाहायची. कंबर आणि खांदा या दोन ठिकाणी भुई लागली की अंथरूण नापास. उताण्या झोपणाऱ्याला पातळ चालतं, कुशीवाल्याला जाड लागतं, आणि पालथा झोपणारा माणूस मोजणीच्या कामाचा नाही, असं त्यांचं मत होतं. शेवटच्या मुद्द्याचं कारण त्यांनी कधी सांगितलं नाही. माझी गादी त्यांनी त्याच संध्याकाळच्या बसच्या टपावरून निर्मलला परत धाडली आणि आपल्या जवळचं जास्तीचं अंथरूण मला दिलं. ते पाहून मला रडू यायचं बाकी होतं. खताच्या पिशव्या उसवून शिवलेली एक चादर, तिच्यावर तरट, तरटावर जुन्या लुगड्यांची गोधडी, आणि पांघरायला एक साधी चवाळी.

“वर येवढंच?”

“थंडी वरून येत नाई, बाप्पा. खालून येते. खालचं जाड अन वरचं पातळ, हे ध्यानात ठेवा.”

सकाळी उठलो तेव्हा कंबर जागेवर होती आणि अंगही गरम होतं. हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. फक्त पिशव्यांच्या चादरीखाली तळहात घालून ओल चढली का ते पाहिलं आणि चहाला गेले.

दादांचं चरित्र मला फारसं माहीत नाही. वडील सालगडी होते, दादा मॅट्रिक झाले, खात्यात लागले, एवढंच. पण त्यांच्या अंथरुणाबद्दल विचाराल तर मी रात्र जागवीन. अंथरूण पाहून पाय पसरावे असं लोक म्हणतात. दादा म्हणत, पाय पाहून अंथरूण निवडा, पसरायचं काय, ते आपोआप पसरतात.

या निवडीपायी त्यांनी पंचवीस वर्षं घालवली होती. आमचा जरीबवाला पोचय्या याचा साक्षीदार. जरीब म्हणजे जमीन मोजायची लोखंडी साखळी. आमच्या खात्यात निजामाच्या वेळचा हा शब्द अजून चालत होता. पोचय्या ती साखळी ओढायचा आणि दादांच्या अंथरुणांचा इतिहास तेलुगू-मराठीची खिचडी करून सांगायचा. आधी सागाची पानं. ऊब चांगली, पण कूस बदलली की कडाकड वाजायची आणि सगळं पथक जागं व्हायचं. मग ज्वारीचा कडबा. त्याची पेरं बरगड्यांत रुतली. मग सावरीचा कापूस. उन्हाळ्यात बोंडं फुटली की दादा झाडाखाली पोतं घेऊन बसत. हलका, मऊ, ऊबदार. पण महिन्याभरात सगळा कापूस पायथ्याशी गोळा व्हायचा. मग वहिनींनी, म्हणजे दादांच्या बायकोनं, त्याला आडव्या शिवणी घालून खण पाडले. ते अंथरूण दोन हिवाळे चाललं आणि तिसऱ्यात उंदरांनी त्यात संसार थाटला.

त्यानंतर बेल्लमपल्लीचं प्रकरण झालं. वहिनींचा भाऊ तिथं खाणीत होता. त्यानं भंगारातून कोळसा वाहायच्या रबरी पट्ट्याचा एक तुकडा आणून दिला. ओल येत नाही, काटा शिरत नाही, पिढ्यान्‌पिढ्या टिकेल असं अंथरूण. फक्त ते उचलायला दोन माणसं लागत. पोचय्या एका टोकाला, दादा दुसऱ्याला, असे ते रोज दोन कोस चालले. तिसऱ्या दिवशी पोचय्या म्हणाला, “सार, नेनु जरीब ओढतो, झेंडी धरतो, दगड बी उचलतो. पण हे झोपायचं सामान हाय का रस्ता हाय?” पट्टा तिथल्याच शाळेला पायपुसणं म्हणून दिला गेला.

एकदा हैदराबादेहून एक तरुण अधिकारी पाहणीला आले. त्यांच्याजवळ हवा भरायची रबरी गादी होती. दुपारी जेवणानंतर त्यांनी ती शेतातल्या बाभळीखाली फुगवली. फुगवता फुगवता चेहरा लाल झाला. आम्ही सगळे अदबीनं उभे. दादांनी वाकून गादीच्या आजूबाजूची जमीन पाहिली. कापसाची पऱ्हाटी कापलेलं शेत, जमिनीत बोटबोट धसकटं. ते काही बोलले नाहीत. साहेब आडवे झाले, सुस्कारा सोडला, आणि त्याच सुरात गादीनंही सुस्कारा सोडला. साहेब हळूहळू खाली येत गेले आणि शेवटी आंध्र प्रदेश सरकारच्या जमिनीला टेकले.

“तुमी सांगितलं काऊन नाई?” मी मागाहून विचारलं.

“विचारलं असतं तं सांगितलं असतं. अन हवा चांगली राह्यली असती तरी थंडी लागलीच असती. हवा भरली का तिच्यासंगं थंडी बी भरते.”

असा हा माणूस. वरून पाहणाऱ्याला वाटावं, झोपेचा शौकीन. मलाही पहिले दोन-तीन महिने तेच वाटत होतं. गावोगावी लोक मोजणीच्या साहेबाला खाट आणून देत. चांगली विणलेली, वर सतरंजी, उशी, कधी नक्षीचा पलंगपोस. साहेब आला की खाट बाहेर काढायची हा तिकडचा रिवाजच. दादा ती खाट नम्रपणे परत करत आणि आपली वळकटी जमिनीवर सोडत. मी मात्र एकदा खाटेवर बसलो. दादा तडक माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, “उठा. ही कोनाची खाट हाय, मालूम हाय का?”

मला माहीत नव्हतं.

“उद्या ज्याचा धुरा मोजाचा हाय त्याची.”

धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. आमचं सगळं काम धुऱ्याचं. दोन शेजारी, दोन भाऊ, बापजाद्यांचं भांडण, मध्ये एक हातभर रुंदीची मातीची रेघ. जुन्या टिपणात, म्हणजे निजामाच्या वेळच्या मोजणीच्या कागदात, ती रेघ कुठं आहे ते पाहायचं आणि जमिनीवर दाखवायचं. दोन दिवसांचं काम, पण त्यावर दोन घरांचं पुढचं बोलणं-चालणं ठरायचं.

दुसऱ्या दिवशी पुढच्या गावाला चालता चालता दादांनी आपण होऊन सांगितलं. उटनूरकडची गोष्ट. दोघा भावांची मोजणी होती. दादांना ताप भरला. धाकट्याच्या बायकोनं खाट दिली, वर गादी दिली, पेज करून दिली. दादा दीड दिवस त्या खाटेवर पडून होते. उठले आणि मोजणी केली. टिपणाप्रमाणं हद्द मोठ्याच्या बाजूला सरकली. धाकट्याला सहा गुंठे जास्त मिळाले.

“मोजणी बरोबर होती, पवार. तीनदा तपासली. मोठ्यानं सही बी केली. फकस्त खाटेकडं पाह्यलं.” दादांनी वळकटी दुसऱ्या खांद्यावर घेतली. “तवापासून त्या धुऱ्याजवळ तो पेरत नाई. पेरणीची चार तासं मोकळी सोडते. बसमधून जातो तवा मले दिसते. नुसता तरोटा माजून राह्यला तिथं. कागदावर मोजणी झाली. त्याच्या पोटात नाई शिरली.”

तेव्हापासून खाट बंद. पाणी दोन्ही घरचं प्यायचं, चहा सह्या होईपर्यंत कोणाचाच नाही. खाली घालायला तणस लागलं तर दोन्ही घरून एक-एक पेंढी घ्यायची. एकदा एका घरची पेंढी मोठी आली म्हणून दादांनी उकलून मूठभर तणस परत पाठवलेलं मी पाहिलं आहे. हसू आलं, पण हसलो नाही. ज्या गावात सगळे सगळ्यांना ओळखतात तिथं न्याय हा असाच मुठीमुठीनं दाखवावा लागतो, हे मला हळूहळू कळत गेलं.

पण या नियमाची दुसरी बाजूही होती. दादा बौद्ध. त्यांच्या वडिलांच्या काळी पाटलाच्या अंगणात खाटेवर बसण्याची त्यांची टाप नव्हती. आता मुलगा साहेब होऊन आला, पाटील स्वतः खाट काढतो, आणि साहेब भुईवर झोपतो. काही शेतकऱ्यांना त्यात मनातून बरं वाटायचं, ते त्यांच्या डोळ्यांत दिसायचं. आणि दादांच्याच समाजातल्या शिकलेल्या पोरांना चीड यायची. एका गावात बुद्धविहारासमोर पाच-सहा जणांनी त्यांना गाठलं. त्यातला एक शिक्षक होता. तो म्हणाला, “जयभीम दादा. राग नका मानू. आपल्या बापाले खाटेवर बसू देत नव्हते. तुमी अधिकारी होऊन बी खालीच झोपता. आमी लोकायले काय तोंड दाखवावं?”

दादांनी हात जोडून त्याला जयभीम केला. मग म्हणाले, “बापाले बसू देत नव्हते. मी बसत नाई. दोन्हीच्या मंधात एक धुरा हाय गुरुजी. तो ज्याले दिसत नाई त्याले मी कसा दाखवू?”

शिक्षकाचं समाधान झालं नाही. मला वाटतं, दादांचंही झालं नाही.

खात्यात नवा थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायची दुर्बीण, आला तो दिवस मला आठवतो. लाकडी पेटी उघडली, सगळे यंत्राभोवती जमले. दादा पेटीत डोकं घालून बसले होते. यंत्राला धक्का लागू नये म्हणून पेटीत बोटभर जाडीचा पांढरा, फेसासारखा हलका, माणसाएवढा लांब फोमचा पत्रा घड्या घालून भरला होता. दादांनी तो दाबून पाहिला, पाण्यात बुडवून पाहिला, झटकून पाहिला. पाणी धरत नव्हता. बाजारातला स्पंज दाबला की कागद होतो, हा दबून परत उठत होता. वजन म्हणाल तर उपरण्याएवढं. साहेबांची लेखी परवानगी घेऊन त्यांनी तो पत्रा घरी नेला. वहिनींनी त्याला खादीची खोळ शिवली. मुठीच्या परीक्षेत तो उताण्याला पास झाला, आणि दुहेरी केला की कुशीवाल्यालाही. पंचवीस वर्षं शोधत होते ते अंथरूण मिळालं. दादा इतके खूश मी कधी पाहिले नव्हते. येणाऱ्या-जाणाऱ्याला त्यावर झोपवून दाखवत होते.

आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्यात त्यांची पाठ गेली.

मणक्याची चकती सरकली होती. आदिलाबादच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की जमिनीवर झोपणं आणि जमिनीवरून उठणं दोन्ही बंद. फळी टाकलेली खाट वापरा, नाहीतर चालणं बंद होईल. कचेरीनं माणुसकी दाखवली, दफ्तरखान्यातली खुर्ची देऊ केली. दादांनी हो म्हटलं. पहिल्या तारखेपासून हजर व्हायचं ठरलं.

मधल्या दिवसांत एक अर्ज आला. नेरडीगोंड्याजवळच्या एका गावातला. अर्जदार नागोराव नावाचे शेतकरी, कापूस-ज्वारीवाले, पिढीजात. शेजारची जमीन कौसाबाईंची. सालगड्यांना सरकारनं दिलेल्या जमिनीतली ती चार एकर, त्यांच्या नवऱ्याच्या नावावर मिळाली होती. नवरा वारला होता. मधल्या धुऱ्यावरून दहा वर्षं वाद. आणि कौसाबाई म्हणजे दादांची चुलत बहीण. चुलत म्हणायचं एवढंच. दादांची आई लवकर गेली, त्यांना या अक्कानंच कडेवर वागवलेलं. नियमानं ही मोजणी दादांकडे येऊच शकत नव्हती. पण नागोरावनं अर्जाखाली स्वतः लिहून दिलं होतं: “मोजणी वाठोरे साहेबांनीच करावी. माझी हरकत नाही.”

साहेबांनी दादांना बोलावून विचारलं. मी तिथं होतो. दादांनी तो कागद दोनदा वाचला. त्यांचे डोळे भरून आले, ते लपवायला त्यांनी चष्मा पुसायला घेतला. समोरचा पक्ष आपणहून म्हणतो की याच्या बहिणीची जमीन यानंच मोजावी, यापेक्षा मोठी बढती खात्यात नव्हती. पण मला त्यांच्या जागी असावंसं वाटलं नाही. हद्द अक्काकडं सरकली तर लोक म्हणणार, शेवटी बहीणच ना. नागोरावकडं सरकली तर अक्काची जमीन जाणार, आणि जमीन काय फार होती?

“पाठीचं काय?” मी बाहेर आल्यावर विचारलं.

“दोनच दिवस तं हायेत,” दादा म्हणाले.

आम्ही गेलो तेव्हा तुरी फुलावर होत्या. पहिल्या दिवशी अर्धी मोजणी झाली. संध्याकाळी अक्काचा मुलगा घरून खाट घेऊन शेतात आला. नवी सुती पट्टी विणलेली, धुतलेली चादर घातलेली. ते पाहून नागोरावच्या गड्यांनीही एक खाट आणली. दोन्ही खाटा धुऱ्याच्या दोन बाजूंना समोरासमोर उभ्या राहिल्या आणि मधे दादांनी आपला पांढरा पत्रा पसरला. मला खाली बसून त्यांना हात धरून निजवावं लागलं. नागोरावच्या खाटेवर थोड्या वेळानं गावातलं एक कुत्रं येऊन झोपलं. आम्हा सगळ्यांत तेच काय ते सुखी दिसत होतं.

सकाळी दादांना उठता येईना.

पोचय्या आणि मी धावलो, त्यांनी हातानं थांबवलं. आधी ते कुशीवर वळले. मग एक गुडघा पोटाशी घेतला. मग दुसरा. दात आवळलेले, कपाळावर घाम. चार पायांवर येऊन बराच वेळ तसेच राहिले. अक्का चहाचा पेला घेऊन धुऱ्यापलीकडे उभी होती. सत्तरीला आलेली, उंच, ताठ बाई. तिनं कडेवर वागवलेला भाऊ मातीत रांगत होता आणि नागोरावचे दोन गडी तंबाखू मळत ते पाहत होते.

“मारोती,” ती म्हणाली, “माया घरी खाट हाय. तुया बापाले जन्मात मिळाली नाई अशी खाट हाय. लोकं पाहून राह्यले तुले. घरी चाल.”

“अक्का, सही झाल्यावर.”

“निदान चहा पे.”

“सही झाल्यावर.”

अक्कानं पेला मातीत उपडा केला आणि गेली. दादा उभे राहिले तेव्हा पाव तास झाला असेल. त्यांनी शर्ट झटकला आणि पोचय्याला जरीब धरायला सांगितली.

दुपारी उत्तर आलं. टिपणाप्रमाणं धुरा अक्काच्या शेतात सरकत होता. साडेतीन गुंठे नागोरावचे निघत होते. त्या पट्ट्यात अक्काच्या नवऱ्यानं लावलेली सीताफळाची पाच झाडं होती. दादांनी माझ्याकडून पुन्हा मोजून घेतलं. मग स्वतः जरीबेचं टोक धरून तिसऱ्यांदा मोजलं. मला मनातून वाटत होतं, कुठं तरी चूक निघावी. ती निघाली नाही.

दोन्ही घरची माणसं जमली. दादांनी हद्दीवर काठी रोवली आणि सरकारी आवाजात आकडे वाचून दाखवले. नागोरावनं सही केली. तो जिंकला होता, पण त्याला वर पाहवत नव्हतं. अक्काचा मुलगा तिरमिरीत पुढं आला. “मामा, हे चांगलं केलं तुमी! सख्ख्या माणसाची मान—”

“तू चूप,” अक्का म्हणाली. ती दादांसमोर आली. “किती येळा मोजलं?”

“तीन.”

“तिन्ही येळा हेच?”

“हेच, अक्का.”

ती सीताफळांकडे पाहत राहिली. मग तिनं माझ्या हातातला पेन घेतला आणि पंचनाम्यावर सही केली. प्रौढांच्या वर्गात शिकलेली, मोठ्या मोठ्या अक्षरांची सही. ओळ पुरली नाही, ती समासात गेली. पेन परत देऊन तिनं नागोरावला ऐकू जाईल असं विचारलं, “आता सरकारी काम झालं का नाई?”

“झालं,” दादा म्हणाले.

“मंग साहेब गेला. आता हा माया भाऊ हाय.” तिनं मुलाला खाट उचलायला सांगितली. “अन तू काय समजला, मी तुले सोडून देईन? साडेतीन गुंठे गेले माये. घरी चाल, तिथं भांडतो तुयासंगं. चारचौघात नाई.”

यानंतर दादा दफ्तरखान्यात बसले आणि माझी बदली बेल्लमपल्लीला झाली. पुन्हा भेटायचं म्हणता म्हणता राहून गेलं. म्हणून मला ते दिसतात ते त्या दुपारचेच. पुढं मुलगा, डोक्यावर उलटी खाट. मागं अक्का, दादांची वळकटी काखेत मारलेली. तिच्या मागं दादा, एक हात कमरेवर, नव्या हद्दीच्या काठीला वळसा घालून चालणारे. अक्का मागं वळून पाहत नव्हती, पण दादांची चाल मंदावली की तिचीही मंदावत होती. मी आणि पोचय्या जरीब गुंडाळत उभे होतो. अक्काला घरापर्यंत दम निघाला नाही. तुरीच्या वळणाआड ती माणसं दिसेनाशी झाली तरी तिचा आवाज येत होता, “साडेतीन गुंठे, मारोती! झाडासकट!” आणि प्रत्येक वेळी दादांचा, “हो अक्का.”